घाट चढून आलेली कवडी

गेल्या वर्षी घटस्थापना दोन दिवसांवर आली असता, पंचवटीत रामकुंडाच्या पायऱ्यांवर माझ्या नऊ वर्षांच्या नातवाच्या पायाशी एक कवडी घरंगळत आली. सप्तशृंगीच्या गडाकडे निघालेली एक वृद्ध आराधीण तेथे विसाव्याला बसली होती. तिच्या गळ्यातील अनेक पदरी माळेचा एक पदर तुटून कवड्या खालच्या पायऱ्यांवर विखुरल्या होत्या, आणि घाटावरची पाचसहा मुले, त्यांत आमचा नातूही, त्या वेचून तिच्या परडीत टाकीत होती. शेवटची कवडी परत करण्यासाठी त्याने हात पुढे केला तेव्हा ती म्हणाली, "राहू दे बाळा, आईचा प्रसाद हाय." त्याने माझ्याकडे पाहिले, मी मान हलविली, आणि मग माझ्याकडून एक रुपयाचे नाणे मागून घेऊन त्याने ते परडीत ठेवले. वाटेत मी त्याला सांगितले की पूर्वी याच कवडीने बाजारहाट होत असे. तो काही वेळ गप्प राहिला, आणि नंतर मूठ न उघडताच त्याने विचारले, "आजोबा, नोटा नाशिकरोडच्या छापखान्यात होतात, नाणी टांकसाळीत पाडतात, मग कवडी कुठल्या कारखान्यात व्हायची?"

त्या प्रश्नाचे उत्तर घराच्या दारापर्यंत संपले नाही. पुढे कित्येक संध्याकाळी आम्ही दोघे त्याच विषयावर बोलत राहिलो, आणि त्या बोलण्यातले जे त्याच्या वयाच्या इतर मुलांनाही रुचेल असे मला वाटते ते येथे सवडीने लिहून ठेवीत आहे.

कवडीचा कारखाना म्हणजे एक जिवंत प्राणी. पावसाळ्यात परसातल्या अळूच्या पानांवर जी गोगलगाय संथपणे चालताना दिसते तिच्याच गोतातला, परंतु खाऱ्या पाण्यात राहणारा हा जीव असून, प्राणिशास्त्रज्ञ त्या गोताला उदरपाद म्हणतात, कारण पोटाखालचा मांसल भाग हाच त्याचा पाय असतो. १७५८ साली लिनीअस नावाच्या स्वीडिश पंडिताने सृष्टीतील प्राण्यांना रीतसर नावे देण्याचे जे प्रचंड कार्य केले, त्यात कवड्यांना सायप्रस बेटाच्या सौंदर्यदेवतेवरून 'सायप्रिया' हे वंशनाम मिळाले, आणि चलनात वापरल्या जाणाऱ्या कवडीला 'मोनेटा' हे जातिनाम. प्राचीन रोमची टांकसाळ जूनो मोनेटा या देवीच्या देवळाशी होती, आणि युरोपातील कित्येक भाषांमधले पैशाचे शब्द त्या देवीच्या नावापासून निघाले आहेत. पुढच्या शतकात शास्त्रज्ञांनी या लहान कवड्यांचा एक स्वतंत्र वंश मानून त्याला 'मोनेटारिया' असे नाव दिले. त्या वंशातील दोन जातींशी आपल्याला काम आहे. एक पिवळसर पांढरी, कडांना गाठी असलेली, बहुधा दोन सेंटिमीटरांच्या आसपास लांबीची चलनी कवडी. आणि दुसरी, पाठीवर केशरी-सोनेरी कडे उमटलेली वलयांकित कवडी.

हिंदी महासागर आणि पॅसिफिक महासागर यांच्या उष्ण व उथळ पाण्यात, प्रवाळांच्या खडकांत आणि ओहोटीनंतर मागे राहणाऱ्या डबक्यांत या कवड्या राहतात. दिवसा दगडाच्या आडोशाला बसावे आणि अंधार पडला म्हणजे बाहेर निघून खडकावरचे शेवाळ खरवडून खावे, असा त्यांचा दिनक्रम. त्यासाठी सुताराच्या कानशीसारखी, अतिसूक्ष्म दातांच्या ओळी असलेली जीभ त्यांना निसर्गाने दिलेली आहे. बालपणी मात्र ही कवडी कवडीसारखी मुळीच दिसत नाही. तिचे कवच साध्या गोगलगाईसारखे पातळ, पिळदार आणि रुंद तोंडाचे असते. वयात आल्यावर त्या तोंडाची बाहेरची कड हळूहळू आत वळू लागते, रुंद तोंडाची चिंचोळी फट होते, फटीच्या दोन्ही काठांना दात फुटतात, आणि मग लांबीची वाढ कायमची थांबून पुढे कवच केवळ जाड होत जाते. आपण हातात धरतो ती दातेरी फटीची कवडी म्हणजे अशी पुरत्या वाढीची, प्रौढ कवडी होय.

तिच्या तकाकीचे रहस्य मला विशेष मनोरम वाटते. गोगलगाईचे शंख बहुधा बाहेरून खडबडीत असतात, त्यांवर शेवाळ चढते, बारीक जीव घर करतात. परंतु कवडीच्या अंगाची एक मऊ त्वचा, जिला शास्त्रात प्रावार म्हणतात, ती फटीतून बाहेर येऊन दोन्ही बाजूंनी कवचावर शालीसारखी पांघरली जाते, आणि आपल्यातून पाझरणाऱ्या चुन्याच्या द्रव्याने त्यावर थरावर थर चढवीत राहते. त्यामुळे कवचाला कोणत्याही जिल्हईशिवाय काचेसारखी चमक येते आणि ती जन्मभर टिकते. प्राणी मेल्यावरही शतकानुशतके टिकते. भीती वाटली की ही शाल क्षणात आत ओढली जाते. नातवाला याहूनही अधिक आवडली ती दुसरी गोष्ट: कवडीची मादी अंडी घातल्यावर त्यांना टाकून जात नाही, पिल्ले बाहेर पडेपर्यंत आपल्या पायाखाली त्या अंड्यांच्या पुंजक्याला झाकून बसून राहते.

आता हिच्या नावाचा विचार करू, कारण त्या नावाची वाट आपल्या नाशिकच्या डोंगरातून जाते. संस्कृतात कवडीला वराटक असे एक नाव आहे आणि कपर्द किंवा कपर्दिका असे दुसरे. या दुसऱ्यापासून आपली कवडी आणि हिंदी कौडी या दोन्ही आल्या, आणि इंग्रजांनी तोच हिंदी शब्द उचलून आपल्या भाषेत नेला. परंतु कपर्द म्हणजे कवडीसारखा वळवून बांधलेला केशकलापही होय, आणि असा जटाभार धारण करणारा म्हणून शंकराला कपर्दी म्हणतात. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर शंकराने आपल्या जटा आपटल्या आणि गोदावरी भूतलावर आली, ही कथा आपल्याकडे लहानमोठ्या सर्वांना ठाऊक आहे; म्हणजे ज्या नदीच्या काठी माझ्या नातवाला कवडी सापडली त्या नदीचा उगम, शब्दाच्या दृष्टीने पाहता, एका कपर्दातच आहे. दूर इटलीतही कवडीच्या नावाची अशीच एक मौज झाली. तिथे कवडीला पोर्सेलाना म्हणत. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो चीनमधून परतला तेव्हा तिकडच्या चकचकीत, पांढऱ्याशुभ्र भांड्यांनाही त्याच्या वृत्तांतात तेच नाव मिळाले, आणि आपण ज्याला चिनी माती म्हणतो तिचे युरोपातील नाव कायमचे कवडीचे होऊन बसले.

पैसा म्हणून माणसाने हीच वस्तू का निवडली असेल, हे समजण्यासाठी नाशिकसारखे दुसरे गाव नाही. नाशिकरोडच्या सरकारी मुद्रणालयात १९२५ पासून टपालाची तिकिटे आणि १९२८ पासून चलनी नोटा छापल्या जाऊ लागल्या. त्यापूर्वी त्या विलायतेतून छापून येत असत. त्या छापखान्यातील सारी विद्या एका हेतूभोवती फिरते: नोटेची नक्कल कोणालाही करता येऊ नये. त्याकरिता कागदात जलचिन्ह असते, धागा असतो, केसाहून बारीक रेषांची नक्षी असते. हे सारे कवडीला आयतेच लाभलेले होते. मातीची, हाडाची किंवा दगडाची खोटी कवडी करण्याला खऱ्या कवडीच्या किमतीहून कितीतरी अधिक श्रम पडले असते. शिवाय ती कुजत नाही, गंजत नाही, घासून वजनाला कमी होत नाही. सोन्याचांदीसारखी तिची कड कातरून घेता येत नाही. एकाच मापाची, एकाच घडणीची असल्यामुळे अक्षरओळख नसलेल्या बाईमाणसालाही ती मोजता येते, आणि फार मोठी रक्कम असली तर टोपलीने मापताही येते. सराफाच्या पेढीवर रुपयांना जसा बट्टा लागे, या टांकसाळीचा रुपया खरा आणि त्या टांकसाळीचा हिणकस अशी जी परख चाले, तिचा प्रसंग कवडीला फारसा आला नाही. एवढेच पाहत की ती अभंग आहे ना. फुटकी कवडी कोणी घेत नसे, आणि म्हणूनच खिशात फुटकी कवडीही नाही असे आपण आजही म्हणतो.

कवड्यांचे मुख्य आगर म्हणजे मालदीव बेटे. दहाव्या शतकातील अरब लेखक अल्-मसूदी सांगतो की त्या बेटांच्या राणीचा खजिना रिता होऊ लागला म्हणजे ती रयतेला माडाच्या झावळ्या तोडून समुद्राच्या पृष्ठावर टाकण्याचा हुकूम देई. कवड्या त्या झावळ्यांना चिकटून बसत, मग त्या ओढून वाळूवर पसरीत, उन्हाने आतील प्राणी मरून जाई आणि रिकामी कवचे कोठीत भरली जात. त्याच्यानंतर शंभर वर्षांच्या आत अल्-बिरूनीने त्या द्वीपसमूहाचे दोन भाग सांगितले आहेत, एक कवड्यांची बेटे आणि दुसरी काथ्याची बेटे. १३४३ साली इब्न बतूता तेथे पोहोचला, काही काळ तेथला काजी झाला, आणि या व्यापाराचा तपशील त्याने जवळून पाहिला. बंगालची गलबते तांदूळ घेऊन येत आणि परत जाताना कवड्या भरून नेत. चार लाख कवड्यांना एक सोन्याचा दिनार असा तेथला भाव, आणि माल फार झाला तर दिनाराला दहा लाखही मिळत. याच प्रवाशाला पुढे काही वर्षांनी आफ्रिकेच्या पश्चिम भागात, सहारा वाळवंटापलीकडच्या माली राज्यात, बाजारात तीच कवडी दिसली. तेथे एका दिनाराला अवघ्या अकराशे पन्नास मिळत होत्या. मालदीवच्या मानाने जवळजवळ साडेतीनशे पट मोल! वस्तू तीच, जीवही तोच. मधे केवळ समुद्र, वाळवंट आणि उंटांच्या पाठी.

समुद्रापासून जितके दूर जावे तितके कवडीचे मोल चढत जाते, हा या सगळ्या इतिहासाचा गाभा आहे असे मला वाटते, आणि हिंदुस्थानातल्या हिंदुस्थानातही त्याची प्रचीती येते. सतराव्या शतकात जवाहिराचा व्यापार करीत आपल्या देशात वारंवार फिरलेला फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये लिहितो की समुद्रकिनाऱ्याजवळ एका पैशाला ऐंशीपर्यंत कवड्या मिळतात, आणि जसजसे आत जावे तसतसा वाहतुकीचा खर्च चढून आग्र्याला पैशाला पन्नास-पंचावन्नच पदरात पडतात. मुलांनो, नकाशा पाहा. मुंबईहून निघून थळघाट चढून जी सडक नाशिकवरून जाते तिला आपण आजही आग्रा रोड म्हणतो. एका टोकाला ऐंशी आणि दुसऱ्या टोकाला पन्नास. सोपारा आणि कल्याण या प्राचीन बंदरांचा माल बैलांच्या पाठीवर ज्या घाटाने वर येई त्या घाटाच्या माथ्यावर आपले गाव. एका टप्प्यावर एक आणि पुढच्या टप्प्यावर दुसरी अशी एक-एक कवडी वाहतूकदाराच्या, जकातदाराच्या आणि दलालाच्या हातात राहत गेली असे समजले म्हणजे भाव का चढतो ते ध्यानी येते.

नाशिकचा आणि पैशाचा संबंध छापखान्याच्या कितीतरी आधीचा आहे. गावाच्या दक्षिणेस त्रिरश्मी डोंगरावर जी लेणी आहेत, ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, त्यांपैकी दहाव्या लेण्याच्या भिंतीवर क्षहरात क्षत्रप नहपान याचा जामात उषवदात याने कोरविलेला एक लेख आहे, आणि तो मला प्राचीन भारतातील व्याजाच्या हिशेबाचा अत्यंत सुंदर नमुना वाटतो. उषवदाताने भिक्षूंच्या उपयोगासाठी तीन हजार काहापण, म्हणजे कार्षापण, गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे कायमची अमानत म्हणून ठेवले. त्यांपैकी दोन हजार दरमहा शेकडा एक दराने आणि एक हजार दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत मागावयाचे नाही, केवळ व्याज भोगावयाचे. दोन हजारांच्या व्याजातून पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा काहापण द्यावयाचे. पडताळा करा: दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस, आणि वीस भिक्षूंना बारा-बारा म्हणजेही दोनशे चाळीसच. एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हिशेब आजही पैशापैशाने जुळतो. हा सारा व्यवहार निगमसभेत जाहीर करून रीतीप्रमाणे दप्तरात नोंदविल्याचेही त्या लेखात म्हटले आहे. ते गोवर्धन म्हणजे गंगापूर रस्त्यावरचे आपले गोवर्धन गाव.

तुम्ही म्हणाल, हे तर चांदीच्या नाण्यांचे झाले, कवडीचा येथे काय संबंध? संबंध त्या काहापण शब्दात आहे. बंगालमध्ये कवड्यांचे जे कोष्टक अगदी अलीकडेपर्यंत चालत होते ते असे: चार कवड्यांचा गंडा, वीस गंड्यांचा पण, सोळा पणांचा काहन, आणि चार काहनांचा रुपया. त्रिरश्मीच्या भिंतीवरचा काहापणच बंगालच्या बाजारात झिजत झिजत काहन झाला, चांदी सोडून कवड्यांच्या राशीचे नाव बनला. एका काहनात १२८० कवड्या होतात. आणि हीच संख्या आपल्याला आपल्याच मुलखात, पुन्हा एकदा, गणिताच्या ग्रंथात भेटते. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'च्या आरंभी नाण्यांचे कोष्टक आहे. त्यात वीस वराटकांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा एक निष्क असे प्रमाण सांगितले आहे. गुणाकार केला म्हणजे द्रम्माला १२८० आणि निष्काला २०,४८० कवड्या येतात. नाशिकच्या शेजारच्या खानदेशात, चाळीसगावजवळ पाटण येथे, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापिल्याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. सह्याद्रीच्या पायथ्याशी, समुद्र दृष्टीसही पडत नाही अशा ठिकाणी, विद्यार्थी पहिला धडा गिरवीत होते तो समुद्रातल्या गोगलगाईचा, हे चित्र माझ्या मनासमोरून हलत नाही. पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी आणि सवायकी घोकणारी आमच्या आज्या-पणज्यांच्या काळची मुले त्याच परंपरेतली.

आपल्या प्रदेशातील राजांच्या नाण्यांचे भवितव्य पाहिले म्हणजे कवडीचे वेगळेपण अधिक जाणवते. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात गोदावरीकाठच्या जोगलटेंभी गावी नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा तेरा हजारांहून मोठा साठा सापडला. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर नहपानाचा पाडाव करणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का पुन्हा मारलेला आहे. जुन्या राजाचे नाक-डोळे नव्या राजाच्या चिन्हाखाली दबून गेलेले अजून दिसतात. याच्या उलट, सहाव्या शतकातील कलचुरी राजा कृष्णराज याचे छोटे चांदीचे रूपक त्याच्यामागे दीडशे वर्षे चालत राहिले, आणि आठव्या शतकाच्या आरंभी अंजनेरीच्या ताम्रपटात दंडाची रक्कम त्याच रूपकांत सांगितलेली आढळते. पेशवाईत चांदवडला टांकसाळ होती, तिचा चांदवडी रुपया प्रसिद्ध होता. आता त्याचे नाव केवळ अभ्यासकांना ठाऊक. नाणेशास्त्राच्या अभ्यासाला वाहिलेली एक संशोधनसंस्था आज त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरीजवळच आहे, हा योग मला फार समर्पक वाटतो. कवडीवर मात्र कोणाचे नाव नव्हते, म्हणून ते कोणाला पुसावे लागले नाही. पाचव्या शतकाच्या आरंभी चिनी भिक्षू फा-हियान मध्यदेशात आला तेव्हा लोक देवघेवीत कवड्या वापरतात अशी त्याने नोंद केली. गुप्त सम्राटांची सोन्याची नाणी त्या वेळी ऐन भरात होती, तरी भाजीच्या जुडीला सोन्याचे नाणे कोण मोडणार! खुद्द त्याच्या देशात कवडी त्याच्याही फार पूर्वी लिपीत जाऊन बसली होती. शांग वंशाची राणी फू हाओ हिच्या, इसवी सनापूर्वी सुमारे १२०० वर्षांच्या थडग्यात जवळजवळ सात हजार कवड्या निघाल्या, आणि चिनी लिपीत खरेदी, संपत्ती, मोल अशा अर्थांची अनेक अक्षरे कवडीच्या चित्रावरून बनलेल्या चिन्हाभोवती रचलेली आहेत.

या गोष्टीचा एक भाग दुःखाचा आहे, आणि तो मुलांपासून लपविणे मला योग्य वाटत नाही. सतराव्या आणि अठराव्या शतकांत डच आणि इंग्रज व्यापाऱ्यांनी मालदीवच्या कवड्या हिंदी महासागरातून युरोपात नेल्या, जाताना जहाजाचे नीरम, म्हणजे तोल राखणारे वजन, म्हणून त्यांचा उपयोग केला, तेथून त्या पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरविल्या, आणि त्यांच्या मोबदल्यात माणसे विकत घेतली. अब्जावधी कवड्या अशा रीतीने गेल्या. ज्या प्राण्याची आई अंड्यांवरून उठत नाही त्याच्या घराच्या बदल्यात आयांपासून लेकरे तोडली गेली. कवडीचा त्यात दोष नाही, परंतु तिचा इतिहास सांगताना हे पान उलटून पुढे जाता येत नाही. पुढे गुलामांचा व्यापार कायद्याने बंद झाल्यावर ताडतेलाच्या खरेदीसाठी कवडीची मागणी उलट वाढली; तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हांबुर्गच्या व्यापाऱ्यांनी झांझिबारच्या किनाऱ्यावरची स्वस्त वलयांकित कवडी जहाजे भरभरून तिकडे ओतली. पैसा अमाप झाला की त्याचे काय होते हे तेव्हा त्या लोकांना भोगावे लागले: जन्मभर कवड्या साठविलेल्या कुटुंबांची पुंजी काही वर्षांत मातीमोल झाली. घाना देशाच्या आजच्या नाण्याचे नाव सेदी आहे, आणि तेथल्या भाषेत त्याचा मूळ अर्थ कवडी हाच.

आपल्याकडे कवडीला पदच्युत केले ते कंपनी सरकारच्या जमाबंदीने. अठराव्या शतकाच्या अखेरीस सिल्हेटचा कलेक्टर रॉबर्ट लिंडसे याला जिल्ह्याचा सुमारे अडीच लाख रुपयांचा वसूल कवड्यांतच घ्यावा लागे. रुपयाला ५१२० या भावाने ते १२८ कोटी नग होतात! त्या ठेवायला कोठारे, वाहायला होड्यांचा तांडा, राखायला पहारेकरी, आणि ढाक्याला पोहोचेपर्यंत तूट ती वेगळीच. असल्या खटाटोपाला सरकार कंटाळले यात नवल नाही. परंतु वसूल चांदीच्या रुपयांतच भरावा असा हुकूम सुटताच ज्या कुळांच्या घरी कवड्यांखेरीज काही नव्हते त्यांना सावकाराच्या ओट्यावर पडेल त्या भावाने त्या विकाव्या लागल्या. ओरिसात १८१७ साली पाइकांनी जे बंड केले त्याच्या कारणांत ही एक तक्रार होती.

महाराष्ट्रात कवडीने आपला मुक्काम बाजारातून हलविला तो भाषेत, खेळात आणि देवीच्या गळ्यात. कंजूष मनुष्याला आपण कवडीचुंबक म्हणतो; स्वस्त मालाला कवडीमोल म्हणतो. दही घट्ट लागले म्हणजे गृहिणी कौतुकाने म्हणते की दह्याच्या कवड्या पडल्या आहेत. आडोशाच्या भिंतीत सापडणाऱ्या एका बिनविषारी सापाला, त्याच्या अंगावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून, कवड्या हे नाव मिळाले आहे, आणि बिचारा मण्यारीसारखा दिसतो म्हणून मारला जातो. पोळ्याला बैलांच्या गळ्यात घुंगरांबरोबर कवड्यांच्या माळा घालतात. तांडे घेऊन मुलूखभर मीठ आणि धान्य वाहणाऱ्या बंजाऱ्यांच्या बायकांनी आपल्या ओढण्यांना आणि पिशव्यांना कवड्या शिवल्या. अष्टचंगाच्या खेळात चारही कवड्या उताण्या पडल्या तर चंग, म्हणजे चार, आणि चारही पालथ्या पडल्या तर अष्ट, म्हणजे आठ. आमच्या लहानपणी कवड्या नसल्या तर अर्धे घासलेले चिंचोके चालत. सारीपाटाचे दानही कवड्यांनी पडे. म्हाळसेशी सारीपाट खेळताना खंडोबा पणात हरला, बारा वर्षांचा वनवास पत्करून बाहेर पडला आणि धनगराची लेक बाणाई हिच्या वाड्यावर मेंढरे राखण्याची चाकरी करीत शेवटी तिचा नवरा झाला, अशी कथा वाघ्या-मुरळी जागरणात गातात. ते बाणाईचे गाव, चंदनपुरी, आपल्याच जिल्ह्यात मालेगावजवळ आहे. एका उलट्या दानाने देवाला धनगरांच्या वाड्यावर आणले आणि समस्त धनगरांना जावई मिळवून दिला, म्हणून या खेळाविषयी मला विशेष ममत्व वाटते.

आणि मग देवी. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई आणि साडेतीन पीठांतील अर्धे पीठ मानली जाणारी वणीची अठरा भुजांची सप्तशृंगी, या साऱ्या जगदंबांच्या नावाने जे आराधी, भुत्ये आणि गोंधळी घराघरांत उदोकार करीत येतात, त्यांच्या गळ्यातली ओळखीची खूण म्हणजे कवड्यांची माळ. माळेसाठी कवडीची पाठ दगडावर घासून तिला भोक पाडतात, आणि म्हणून ओवलेल्या कवडीची दातेरी बाजूच आपल्याला दिसते. जी वस्तू एकेकाळी रयतेने सरकारात भरली ती आता भक्त देवीच्या नावाने अंगावर बाळगतो. ज्या दिवशी ती बाजारातून बाद झाली त्या दिवशी तिचे मोल संपले असे हिशेबनीस म्हणेल; पण रामकुंडाच्या पायऱ्यांवर त्या म्हातारीने विखुरलेल्या कवड्या ज्या काळजीने एकएक मोजून घेतल्या ती मी पाहिली आहे.

आमच्या शेवटच्या बैठकीच्या रात्री नातवाने पाटी घेतली, वर लिहिले 'सिल्हेट, रुपयाला ५१२०', आणि त्याखाली लिहिले 'पंचवटी, रुपयाला १'. दोन्ही ओळींकडे बराच वेळ पाहून झाल्यावर त्याने कवडी पाटीवर ठेवली, मालदीव येथून किती लांब आहे ते मला विचारले, आणि आम्ही नकाशाचे पुस्तक उघडले.